ज्युरीला घाई कोण लावते? न्यायालयांना एक खुले पत्र

प्रति,
ज्युरीपुढे मोठे आणि किचकट खटले चालवणारे अमेरिकेतील न्यायाधीश व न्यायालयांचे प्रशासक यांस,

स. न. वि. वि.

काही महिन्यांपूर्वी मी आर्थिक फसवणुकीच्या एका खटल्यात ज्युरीवर, म्हणजे दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या बारा सामान्य नागरिकांत, होते. खटला संपल्यावर त्या न्यायालयाच्या प्रशासनाला मी पत्र लिहिले. लांबलेल्या खटल्यात ज्युरीला विचार करायला वेळ मिळावा आणि साधने मिळावीत, यासाठी काही सूचना केल्या. उत्तर आले, आणि ते अतिशय सभ्य होते. सेवेबद्दल आभार, नागरिकाचे कर्तव्य वगैरे झाल्यावर शेवटी एक वाक्य होते: ज्युरीने किती वेळ चर्चा करावी हा सर्वस्वी ज्युरीचा प्रश्न आहे, न्यायालय त्यात लक्ष घालत नाही.

हे उत्तर मला मान्य नाही. मी वकील नाही आणि हिशेबनीसही नाही. पण त्या खोलीत मी बसले आहे, आणि तिथला वेळ कोण ठरवतो ते जवळून पाहिले आहे. आत गेल्यावर दार आम्ही लावतो हे खरे. पण खटला कोणत्या वारी आणि किती वाजता आमच्या हाती द्यायचा, पुरावे कोणत्या अवस्थेत द्यायचे, कायदा समजावणाऱ्या न्यायाधीशांच्या सूचनांच्या किती प्रती द्यायच्या, एखादी साक्ष पुन्हा पाहायची तर काय सोपस्कार करायचे, हे सगळे तुम्ही ठरवता. एवढे ठरवून झाल्यावर वेळ तेवढा आमचा, असे म्हणणे म्हणजे हात झटकणे आहे.

इंग्रजी प्रत त्या प्रशासनाला गेली आहे. इथे मराठीत लिहिते, कारण ज्युरीचे समन्स आता अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांत येते, आणि आपल्या लोकांना ज्युरी माहीत असते ती दोन गोष्टींमधून. एक नानावटी खटला: १९५९ मध्ये ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष म्हटले आणि सत्र न्यायाधीशांनी ते न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. दुसरा लोकमान्यांवरचा १९०८ चा राजद्रोहाचा खटला. टिळकांनी स्वतःची बाजू एकवीस तास दहा मिनिटे मांडली. २२ जुलैच्या रात्री नऊ जणांची ज्युरी उठून आत गेली आणि तासा-सव्वातासात ७ विरुद्ध २ मतांनी ‘दोषी’ म्हणत परतली. टिळकांचे त्यानंतरचे उद्गार आपल्याला शाळेपासून ठाऊक असतात. ज्युरीने तो सव्वा तास कसा घालवला, हे मात्र आपण कधी विचारत नाही. मला आता तोच प्रश्न पडतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. लवकर लागलेला निकाल म्हणजे चुकीचा निकाल, असे माझे म्हणणे नाही. १९९५ मध्ये माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसनच्या खुनाच्या खटल्यात आठ महिन्यांहून अधिक सुनावणीनंतर ज्युरीने चार तासांच्या आत निकाल दिला. २०२३ मध्ये एफटीएक्स या क्रिप्टो कंपनीचा संस्थापक सॅम बँकमन-फ्राइड याच्या फसवणुकीच्या खटल्यात साधारण महिनाभराच्या सुनावणीनंतर सातही आरोपांवर चार-साडेचार तासांत एकमत झाले. त्याचे सगळ्यात जवळचे सहकारी त्याच्याविरुद्ध साक्षीदार म्हणून उभे राहिले होते, तेव्हा कदाचित तेवढाच वेळ पुरेसा असेल. उलट थेरानोस या रक्तचाचणी कंपनीची संस्थापक एलिझाबेथ होम्स हिच्या फसवणुकीच्या खटल्यात ज्युरीने सात दिवस घेतले, काही आरोपांवर दोषी ठरवले, काहींवर निर्दोष, आणि काहींवर एकमत झाले नाही असे सरळ सांगितले. सात दिवस लागले म्हणून त्या ज्युरीला मी श्रेष्ठ म्हणत नाही. मात्र आरोप एकेक करून सोडवले गेले, हे त्या निकालात दिसते. मी बसले होते त्या खटल्याच्या निकालाबद्दल या पत्रात एक अक्षरही नाही, आणि कुणी त्यातून काही काढूही नये.

आता तक्रारी.

पहिली तक्रार वेळेची आहे. आमच्या खटल्यात आरोपी अनेक होते, कलमे अनेक होती आणि साक्षी कित्येक आठवडे चालल्या. समारोपाचे युक्तिवाद शुक्रवारी दुपारी संपले. मग सूचनांचे वाचन झाले. खोलीत शिरलो तेव्हा तीन वाजून गेले होते. बेलिफने दारातच विचारले, “आज होईल, की सोमवारी यावं लागेल?” त्यात दटावणी नव्हती. बिचाऱ्याला सोमवारच्या पार्किंगच्या पासांची सोय करायची होती. पण प्रश्न ऐकताच बारा जणांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी पाहिले. सोमवार म्हणजे पुन्हा रजा, मुलांची पुन्हा सोय, साहेबाला पुन्हा फोन. निकाल त्याच संध्याकाळी लागला.

अशा दडपणाने काय होते ते न्यायालयांना नव्याने सांगायला नको. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये मकेना खटल्यात न्यायाधीशांनी ज्युरीला सुनावले होते की तुमच्यासाठी माझ्या प्रवासाची व्यवस्था आधीच बिघडली आहे, आणखी बिघडवणार नाही. दहा मिनिटांत मी इथून निघणार, तोवर निकाल नसेल तर रात्रभर राहा. ज्युरी सहा मिनिटांत ‘दोषी’ म्हणत बाहेर आली. अपील न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. कुणी न्यायाधीश आज असे बोलणार नाही. बोलायची गरजच पडत नाही, कारण ते काम शुक्रवारची दुपार करते. मागणी साधी आहे: दोन आठवड्यांहून अधिक चाललेला खटला ज्युरीच्या हाती सकाळीच द्यावा, आणि आठवड्याच्या शेवटच्या दिवशी देऊ नये. याला पैसा लागत नाही.

दुसरी तक्रार पुराव्यांची, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. कारण ज्युरी घाई करते असे बाहेरून ज्याला म्हणतात, ते आतून पुष्कळदा नुसते थकणे असते. आम्हाला एक लॅपटॉप मिळाला. बारा माणसांना एक. त्यात शेकडो फाइली, प्रत्येकीचे नाव म्हणजे एक अक्षर आणि एक आकडा. कोणती फाइल कोणत्या साक्षीदाराच्या वेळी दाखवली होती, कोणत्या आरोपाशी तिचा संबंध, याची यादी नव्हती. एक स्प्रेडशीट इतकी रुंद होती की डावीकडचे नाव दिसायचे तेव्हा उजवीकडची रक्कम पडद्याबाहेर जायची. शेवटी एकीने नावे वाचायची आणि दुसऱ्याने रकमा कागदावर उतरवायच्या, असे सुरू झाले. दहा-बारा ओळी झाल्यावर कुणीतरी म्हणाले, हे वकिलांनी दाखवलेच होते की, आणि कागद बाजूला सरकला. वकिलांनी दाखवलेले म्हणजे वकिलांनी निवडलेले, हे तेव्हा खोलीत बोलले गेले. पण बोलून फाइल थोडीच उघडते?

एका साक्षीतला एक मुद्दा दोघांना दोन तऱ्हांनी आठवत होता. मी चिठ्ठी लिहून पाठवली. चिठ्ठी आली की न्यायाधीश सगळ्या पक्षांच्या वकिलांना बोलावतात, काय वाचायचे यावर त्यांचा वाद होतो, मग आम्हाला रांगेने पुन्हा कोर्टरूममध्ये आणून बसवतात. आम्ही बसलो. साक्षी उतरवून घेणाऱ्या कोर्ट रिपोर्टरने प्रश्न आणि उत्तर दोन्ही एकाच सुरात, जिन्याच्या पायऱ्या मोजाव्यात तसे वाचून दाखवले. साक्षीदार कुठे अडखळला होता, कुठे वकिलाकडे पाहत होता, काही कळायला मार्ग नव्हता. या सगळ्यात तासाच्या वर वेळ गेला. त्यानंतर दुसरी चिठ्ठी पाठवू या, असे कुणीही सुचवले नाही. ज्युरीला प्रश्न पडत नाहीत असा समज असेल, तर चिठ्ठ्यांची संख्या पाहण्याआधी चिठ्ठीची किंमत पाहावी.

साक्षींची लेखी नक्कल ज्युरीला दिली तर ती एखाद्याच तुकड्याला चिकटून बसेल, असे तुमच्याकडून नेहमी सांगितले जाते. त्यात तथ्य आहे. मग तुकडा देऊ नका, सगळ्या साक्षींची नक्कल द्या, शोधता येईल अशी. अपिलाच्या न्यायाधीशांपुढे ती असतेच. आठवड्यांच्या सुनावणीनंतर फक्त बारा सामान्य माणसांनीच स्मरणशक्तीवर विसंबावे, असे का? म्हणून मागणी: प्रत्येक पुराव्याला माणसाला कळेल असे नाव, साक्षीदारवार आणि तारीखवार यादी, किमान तीन-चार पडदे, आणि लांबलेल्या खटल्यात साक्षींची पूर्ण नक्कल.

तिसरी तक्रार सूचनांची. ॲपल विरुद्ध सॅमसंग हा २०१२ चा पेटंटचा खटला सगळ्यांना आठवत असेल. ज्युरीला दिलेल्या सूचना १०९ पानांच्या. निकालाचा फॉर्म २० पानांचा, त्यात ७०० च्या वर प्रश्न. ज्युरी तिसऱ्याच दिवशी, वीस-बावीस तासांच्या चर्चेनंतर बाहेर आली. भागाकार केला तर एका प्रश्नाला दोन मिनिटेही येत नाहीत. एक अब्ज डॉलरहून अधिक भरपाई जाहीर झाली, आणि कोर्टरूममध्येच लक्षात आले की ज्या उपकरणांनी नक्कल केली नाही असे ज्युरीनेच लिहिले, त्यांच्यासाठीही रक्कम भरली होती. ज्युरीला परत आत पाठवून सुमारे २५ लाख डॉलर कमी करावे लागले. पुढे मार्च २०१३ मध्ये न्यायाधीश लूसी कोह यांनी आणखी सुमारे ४५ कोटी डॉलर बाजूला काढून त्या भागाची भरपाई नव्या खटल्यात ठरवायचा आदेश दिला. तेव्हा ज्युरीवर पुष्कळ तोंडसुख घेतले गेले. ७०० प्रश्नांचा फॉर्म ज्युरीने लिहिला नव्हता, हे फार थोड्यांनी म्हटले.

सूचना युक्तिवाद संपल्यावर एका दमात वाचून दाखवण्याऐवजी युक्तिवादांच्या आधी द्याव्यात, आणि लेखी प्रत प्रत्येकाला द्यावी. निकालाचा फॉर्मही तेव्हाच द्यावा, म्हणजे वकील काय बोलतात ते कोणत्या प्रश्नासाठी आहे हे ऐकतानाच कळेल. आमच्या खोलीत सूचनांची एक प्रत होती. ती ज्याच्या हातात, त्याचेच म्हणणे खरे, असे होऊ लागते.

चौथी तक्रार मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ज्युरीला फार वेळ लागला तर काय बोलायचे, याचे भाषण तुमच्याकडे तयार आहे. १८९६ च्या ॲलन खटल्यापासून ते चालत आले आहे: अल्पमतात असाल तर इतक्या जणांना जे पटले ते आपल्याला का पटत नाही, याचा फेरविचार करा. वकील मंडळी त्याला डायनामाइट म्हणतात, आणि काही राज्यांनी ते बंदही केले आहे. पण ज्युरी फार लवकर परतली तर काय बोलायचे, याचे भाषण कुणाकडे आहे?

व्यवस्थेला उशिराची धास्ती पहिल्यापासून आहे. जुन्या इंग्लंडमध्ये ज्युरीला निकाल लागेपर्यंत अन्न, पाणी, शेकोटी आणि मेणबत्तीशिवाय कोंडत. एकमत झालेच नाही तर न्यायाधीशांनी त्यांना गाडीत घालून पुढच्या गावी न्यावे, असेही म्हटले जाई. १६७० मध्ये विल्यम पेन आणि विल्यम मीड या क्वेकर पंथीयांच्या खटल्यात ज्युरीला असेच दोन रात्री उपाशी ठेवले. तरी ज्युरी बधली नाही, म्हणून दंड ठोकला, आणि तो न भरणाऱ्यांना तुरुंगात टाकले. त्या ज्युरीतल्या एडवर्ड बुशेलने त्याविरुद्ध दाद मागितली आणि निकालाबद्दल ज्युरीला शिक्षा करता येत नाही हे तत्त्व तिथे ठरले. आज आम्हाला सँडविच मिळते. पण कायद्याचा कल अजूनही लवकर आटपण्याकडेच आहे. माझ्या माहितीत याला एक छोटा अपवाद आहे. इंग्लंडच्या १९७४ च्या ज्युरी कायद्यानुसार बहुमताचा निकाल किमान दोन तास झाल्याशिवाय घेता येत नाही, आणि खटल्याचे स्वरूप व गुंतागुंत पाहून न्यायालयाला वाटेल तेवढा अधिक वेळ द्यायचा असतो. म्हणजे गुंतागुंतीनुसार वेळ ही कल्पना कायद्याला परकी नाही. एकमताचा निकाल मात्र तिथेही दहा मिनिटांत देता येतो.

असे असले तरी किमान तासांची अट मी मागत नाही. तशी अट घातली तर लोक घड्याळाकडे बघत बसतील, आणि रिकाम्या वेळात एकट्या पडलेल्या माणसाला घेरतील. तासांपेक्षा क्रम महत्त्वाचा आहे. शिकागो विद्यापीठाच्या हॅरी कॅल्व्हेन आणि हान्स झायझेल यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले की पहिल्या मतदानात ज्या बाजूला बहुमत असते, दहापैकी नऊ खटल्यांत निकाल त्याच बाजूने जातो. पुढे १९८० च्या दशकात रीड हेस्टी आणि सहकाऱ्यांनी प्रयोगापुरत्या नमुना-ज्युरी बसवून अभ्यास केला. काही ज्युरी आधी हात वर करून मग बाजू लढवतात. काही आधी पुरावा मांडतात आणि मत शेवटी घेतात. दुसऱ्या प्रकारात वेळ अधिक लागतो, पण पुरावा अधिक नीट तपासला जातो. आमच्याकडे बसल्याबसल्या हात वर झाले. तसे करू नका, असे आम्हाला कुणी सांगितले नव्हते. कॅलिफोर्नियाच्या दिवाणी खटल्यांच्या ठरीव सूचनांत मात्र ते आहे: सुरुवातीलाच आपले मत ठासून सांगू नका, कसे मत देणार ते लगेच जाहीर करू नका. दोन ओळींचे काम. प्रत्येक न्यायालयाने ते करावे, आणि पुढे जोडावे की प्रत्येक आरोपीचा, प्रत्येक कलमाचा पुरावा स्वतंत्र पाहून झाल्यावरच मत घ्या.

ॲरिझोनाने १९९५ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. तिथे दिवाणी खटल्यात सगळे ज्युरर एकत्र असतील तेव्हा खटला चालू असतानाच पुराव्यावर बोलण्याची मुभा दिली. फौजदारी खटल्यात ते चालेल का याबद्दल मला शंका आहे, कारण आरोपीची बाजू नंतर येते. पण टिपणे काढणे आणि न्यायाधीशांमार्फत साक्षीदाराला प्रश्न विचारणे, एवढे तर सगळीकडे हवेच.

पाचवी तक्रार पैशांची, थोडक्यात. फेडरल (केंद्रीय) न्यायालयात ज्युररला दिवसाला ५० डॉलर मिळतात. अनेक राज्यांत त्याहून कमी. मालकाला कामावरून काढता येत नाही, पण त्या दिवसांचा पगार द्यायची सक्ती फेडरल कायद्यात नाही. रोजंदारीवर घर चालवणाऱ्याला कित्येक आठवडे बसवून ठेवायचे आणि मग त्याच्याकडून शांत चित्ताने चर्चेची अपेक्षा करायची, याला काय म्हणावे? दोन आठवड्यांपुढच्या प्रत्येक दिवसाला बुडालेल्या मजुरीएवढा भत्ता द्या.

हे सगळे आधीच करायला हवे, कारण नंतर काही करता येत नाही. ज्युरीच्या खोलीत काय झाले याबद्दल ज्युररची साक्ष घेऊन निकाल उलटवता येत नाही, हा नियम आहे. १९८७ च्या टॅनर खटल्यात ज्युरर सुनावणीच्या काळात दारू आणि अमली पदार्थ घेत होते, डुलक्या काढत होते, असा आरोप झाला. तरी सर्वोच्च न्यायालयाने ज्युररांचे म्हणणे ऐकायला नकार दिला. २०१७ मध्ये वंशद्वेषापुरता एक अपवाद झाला, तेवढाच. या गुप्ततेमागची कारणे मला पटतात. ती नसेल तर प्रत्येक हरलेला पक्ष ज्युररच्या दारात उभा राहील. पण दार नंतर उघडणारच नसेल, तर बंद करण्यापूर्वी आत काय ठेवले याची जबाबदारी ते बंद करणाऱ्याची आहे.

यावर सोपा उपाय म्हणून किचकट खटल्यांतून ज्युरीच काढून टाका, असे काही जण सुचवतात. ब्रिटनमध्ये फसवणुकीच्या खटल्यांचा विचार करणाऱ्या १९८६ च्या रॉस्किल समितीपासून हे चालू आहे. २००३ च्या कायद्यात तशी तरतूदही केली. ती कधी अमलात आली नाही आणि २०१२ मध्ये रद्द झाली. २००५ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेच्या ज्युबिली लाइनच्या कामातल्या फसवणुकीचा खटला जवळजवळ दोन वर्षे चालून कोसळला, तेव्हा पुन्हा ज्युरीकडे बोटे दाखवली गेली. २०२५ मध्ये निवृत्त न्यायाधीश लेव्हसन यांच्या अहवालाने तीच शिफारस पुन्हा केली. भारतात तर ज्युरी पन्नास वर्षांपूर्वीच गेली. मला ज्युरी हवी आहे. माझ्यासोबत बसलेली माणसे मूर्ख नव्हती. एका ट्रक चालवणाऱ्या गृहस्थांनी मालाच्या पावत्यांतली जी विसंगती पाहिली, ती दोन्हीकडच्या तज्ज्ञांच्या तोंडून आली नव्हती. असे आणखी काय काय सापडले असते, हे पाहायला सोमवार लागला असता.

शेवटची मागणी नोंदीची. ज्युरी किती वाजता आत गेली, किती वाजता बाहेर आली, किती चिठ्ठ्या आल्या आणि उत्तराला किती वेळ लागला, हे खटल्याच्या कागदांत असतेच. दोन आठवड्यांपुढच्या प्रत्येक खटल्याचे हे आकडे दरवर्षी एकत्र करून जाहीर करा, आणि खटला किती दिवस चालला, कलमे किती होती तेही शेजारी द्या. शुक्रवारी हाती दिलेले खटले आणि मंगळवारी हाती दिलेले खटले यांत फरक पडतो का, हे मग माझ्यासारखीच्या अनुभवावर सोडावे लागणार नाही.

या पत्राला आभाराचे उत्तर नको. यातली कोणती मागणी मान्य आहे, कोणती नाही आणि का नाही, एवढे मुद्देसूद कळवावे. जी मान्य आहे ती कोणत्या तारखेपासून लागू होईल तेही लिहावे.

आपली,
एक माजी ज्युरर